जिवंत बोईट

१

दर रविवारी भरतीच्या दीड तास आधी खाडीच्या बांधावर मासे धरायला पोहोचायचं, हा चारुदत्तचा अकरा वर्षांचा नेम होता. भरतीची वेळ काढायला तो मोबाईल बघत नसे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे समुद्राला भरती सहाला. तिथून पाणी खाडीत आत चढायला आणखी अर्धा-पाऊण तास. हे गणित त्याला काशीरामने शिकवलं होतं आणि ते कधी दहा मिनिटांच्या वर चुकलं नव्हतं.

चारुदत्त सुकापूरला राहायचा. तळोज्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायचं काम करायचा. वय एक्कावन्न. काशीराम त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा, खाडीकाठच्या गावातला, तरुणपणी मिठागरावर राबलेला. मिठागर गेलं, शेत गेलं, त्यावर चौदा मजले उभे राहिले, तरी हा माणूस बांध काही सोडत नव्हता.

दोघांची जागा ठरलेली. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून पूर्वी जो मातीचा बांध घातला, त्यात एक दगडी मोरी होती. गावात तिला उघाडी म्हणत. तिची लाकडी झडप केव्हाच कुजून गेली होती. राहिल्या होत्या पाण्यात उतरणाऱ्या पाच दगडी पायऱ्या आणि त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं पाणी पडून झालेला खोल डोह. डोहाच्या पलीकडे तिवरांची दाट झाडी. त्या डोहात जिताडा हा मोठा शिकारी मासा यायचा.

"साहेब, आज पन तुमी टायमाच्या आधी," काशीराम म्हणायचा. "वहिनी हाकलतात काय घरातून?"

"हाकलत नाही. पण लवकर या असंही म्हणत नाही."

"मंग आमच्यासारखंच हाय की!"

जिताड्याला मेलेलं आमिष चालत नाही. काशीराम बादलीतून वीतभर जिवंत बोईट, खाडीतला लहान मासा, काढायचा, ओल्या मुठीत धरायचा आणि पाठीवरच्या कातडीतून गळ ओवायचा. "पोटात घातला तर मरतंय. तोंडात घातला तर दमतंय. पाठीला घातला ना, दिसभर जगतंय." आणि जिताडा जवळ येऊन, फिरून परत जाऊ लागला की दोरीला दोन झटके. "लय शाना मासा. बोईटाला जरा दुखवायचं. दुखलं की फडफडतं, फडफडलं की ह्यो परततो."

पहिल्या वर्षी चारुदत्तच्या तोंडून निघून गेलं होतं, "बिचारं."

काशीराम खोकला येईस्तोवर हसला होता. "बिचारं काय? त्याला कोनी सांगितलंवतं बोईट व्हायला?"

२

तो रविवार अष्टमीचा होता. चारुदत्तच्या बायकोच्या, नीताच्या भाचीचा खारघरला साखरपुडा होता, म्हणून तो सातलाच बांधावरून निघाला. काशीराम सर्वांत वरच्या पायरीवर बसला होता.

"जा, जेवून या. जिताडा मी धरतो. वास पाठवतो तुमाला."

दुपारी साडेबाराला काशीरामच्या मुलाचा, प्रणितचा फोन आला. "काका, बाबा तुमच्यासोबत हायत का?"

चारुदत्त तडक उघाडीवर आला. वरच्या पायरीवर काशीरामच्या चपला होत्या, नीट जोडीने काढलेल्या. बादलीत तीन बोईटं पोहत होती. गळाची काठी दगडांच्या फटीत रोवलेली, दोरी सैल. चारुदत्तने ती ओढून घेतली. टोकाला गळ होता, गळाला बोईट होतं आणि ते जिवंत होतं.

पोलीस आले, अग्निशमन दलाचे लोक आले, गावातल्या चार होड्या चार दिवस फिरल्या. तिवरांत शिरून माणसांनी बांबूंनी चिखल ढोसला. काशीराम दहा वर्षांचा असल्यापासून ही खाडी पोहून ओलांडत आलेला माणूस. पण हाताला काही लागलं नाही.

काशीरामची बायको सत्यवती रडत नव्हती. हातातला हिरवा चुडा मागे-पुढे करत ती ओटीवर बसून होती. "प्रणित बोलतो विधी करून टाकू. भटजी बोलतात, दर्भाचा पुतला करून जालतात. मी बोलले, कोनी बघितलंय? आंगावरचं एक कापड तरी दावा. भावजी, मी कोनाचंच ऐकनार नाय. तुमी त्यांच्यासोबतचे. तुमी जा, बघा, आन मला सांगा. तुमी सांगाल ते मी धरीन."

"बघतो, वहिनी," चारुदत्त म्हणाला. खारघरला तो श्रीखंड-पुरी जेवत होता तेव्हा इथे काय झालं असेल, हे सोडून त्या आठवड्यात त्याने दुसरा विचार केला नव्हता.

३

पुढचा रविवार पौर्णिमेचा. पाणी बाराच्या सुमारास भरणार होतं. चारुदत्त साडेदहालाच उघाडीवर जाऊन बसला. काठी सोबत घेतली होती. नुसतं बसलेलं कुणी पाहिलं असतं तर विचारलं असतं, आणि त्याला उत्तर द्यायचं नव्हतं.

त्याने बोईट लावून डोहात सोडलं. एरवी आमिष सोडलं की ते खोल पाण्याकडे पळतं. हे फिरलं आणि सरळ पायऱ्यांकडे आलं. त्याने उचलून पुन्हा लांब टाकलं. ते पुन्हा आलं. तिसऱ्या खेपेला ते त्याच्या पायाखालच्या दगडाशी येऊन डोकं आपटू लागलं. त्याला पाण्याबाहेर यायचं होतं.

चारुदत्तला गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली.

पाणी चढत होतं. डोक्यावरून एक विमान उतरत गेलं. त्याचा आवाज विरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तिवरांच्या त्या बाजूला एकही बगळा नाही. भरतीला बगळे तिथे ओळीने बसतात. आज ते सगळे अलीकडे, बांधावर, त्याच्यापासून वीस-पंचवीस हातांवर उभे होते, आणि माणूस इतका जवळ असूनही उडत नव्हते.

बाराला पाणी थांबलं. पायऱ्यांवर लाट नाही, तिवरांत खळखळ नाही.

"चारूसाहेब, जरा हात द्या."

आवाज पलीकडच्या झाडीतून आला. काशीरामचाच. घसा बसलेला, पण त्याचाच. मागच्या वर्षी चिखलात पाय रुतला तेव्हा त्याने अशीच हाक मारली होती.

चारुदत्त उभा राहिला. "काशीरामभाऊ?"

 मग पुन्हा तेच, त्याच सुरात. "चारूसाहेब, जरा हात द्या." लगेच आणखी एकदा. मग शांतता. तो नकळत आकडे मोजू लागला होता. वीस झाले तेव्हा पुन्हा दोन हाका आल्या.

पाऊण वाजता पाणी उतरायला लागलं आणि हाका थांबल्या.

४

"अहो, आठ दिवस धड झोपला नाहीत," नीता म्हणाली. "त्यात उन्हात एकटे बसता. ऐकू येईल नाही तर काय!"

तेच खरं असावं. चारुदत्तने एकेक गोष्ट बाजूला काढून पाहिली. बोईटाचं काय, गळ कण्याला लागला असेल, दिशा चुकली असेल. बगळ्यांचं काय, पलीकडे साप असेल. हाकांचं काय, पाण्यावरून आवाज लांबून येतो, गावात कुणी कुणाला बोलावत असेल. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. आणि समजा, आवाज खराच असला, तर मग सरळच होतं. माणूस जिवंत आहे, अडकलाय, हात मागतोय. मग तो स्वतः इथे सोफ्यावर बसून काय करत होता?

त्याने प्रणितला फोन लावला, आणि पहिल्या रिंगलाच बंद केला. प्रणितला सांगायचं म्हणजे सत्यवतीला सांगायचं. ती होडीसाठी थांबली नसती. तशीच पाण्यात उतरली असती, आणि तिला पोहता येत नव्हतं.

आधी आपण नीट बघू. मग सांगू.

त्या वीस आकड्यांच्या शांततेबद्दल मात्र त्याने विचार केला नाही. दोनदा हलवायचं, मग वाट बघायची, मग पुन्हा दोनदा. ही लय त्याच्या स्वतःच्या मनगटात अकरा वर्षं होती.

५

सोमवारी त्याने रजा टाकली. जाडी दोरी घेतली, तिला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधला. सव्वाच्या सुमारास पाणी भरलं.

हाक आली तेव्हा तो तयार होता. आवाजाच्या रोखाने त्याने तिवरांतल्या एका फटीवर नजर लावून ठेवली होती, आणि त्या फटीत काशीराम होता.

कमरेपर्यंत पाण्याबाहेर, त्याच्याकडे तोंड करून उभा. अंगात तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट. चेहरा भिजून पांढरा पडलेला. पण डोळे उघडे होते, आणि ते चारुदत्तला ओळखत होते.

चारुदत्तच्या तोंडून हुंदकाच निघाला. "भाऊ! थांबा, आलो! दोरी टाकतो!"

तो दोन पायऱ्या उतरला. पाणी गुडघ्याला लागलं. दोरीचा वेढा सोडवताना त्याच्या डोक्यातल्या माप घेणाऱ्या भागाने त्याला विचारलं, की तिथे खोली किती?

दोन पुरुष उंचीइतकी. वजन लावून, दोरी सोडून त्याने स्वतः मोजलं होतं. भरतीला त्या फटीत दोन पुरुष पाणी असतं. मग काशीराम कशावर उभा आहे?

मुळांवर असेल. तिवराच्या फांदीवर असेल.

काशीराम डावीकडे सरकला. हातभर. चालला नाही, पोहला नाही, खांदेही हलले नाहीत. नुसता सरकला आणि थांबला. तो वळला तेव्हा शर्टाची पाठ दिसली. दोन खांद्यांच्या मधोमध कापड वर उचललं गेलं होतं, चिमटीत धरल्यासारखं टोकदार. तिथून पुढे काही जात होतं का, वर की खाली, ते दिसलं नाही. पाण्यावर ऊन चकाकत होतं.

"चारूसाहेब, जरा हात द्या."

तोंड पुन्हा चारुदत्तकडे वळलं होतं, ओठ हाक मारत होते. आणि मान हलत होती. डावीकडे, उजवीकडे. नको, नको. लाटेनेही हलत असेल. पण पाण्याला लाट नव्हती.

मग पायऱ्यांच्या पुढ्यातलं, त्याच्या गुडघ्यापासून चार हातांवरचं पाणी सपाट झालं. बाकी डोहावर वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या होत्या. तेवढाच एक गोल, अंगणाएवढा, गुळगुळीत. खालून काहीतरी मोठं वर आलं, की पाणी असं होतं.

चारुदत्त एक पायरी मागे चढला.

त्याच क्षणी काशीरामला झटका बसला. पाठीतून, मागे आणि वर, असा की त्याचं डोकं छातीवर आपटलं. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो हाक नव्हती. लगेच दुसरा झटका. हात पाण्यावर आपटू लागले, पाय आपटू लागले, पांढरा फेस उडाला. सगळा डोह त्या फडफडीने भरून गेला.

मग तो शांत झाला. वीस आकड्यांइतका वेळ धापा टाकत राहिला. आणि रडवेल्या, अगदी मऊ आवाजात पुन्हा म्हणाला, "चारूसाहेब..."

चारुदत्त धावत सुटला. दोरी, कॅन, सगळं तिथेच राहिलं.

६

गावाच्या वेशीवर स्कूटर थांबवून तो अर्धा तास उभा होता.

एक माणूस आठ दिवस चिखलात अडकलेला. शर्ट तुटक्या फांदीत गुंतलेला. गुंता सोडवायला धडपडतोय, म्हणून हिसके बसताहेत. शुद्ध हरपत चाललीय, म्हणून तेच तेच बोलतोय. हे सगळं नीट जुळत होतं. दुसरं काहीच मानायची गरज नव्हती. आत्ता गावात जाऊन ओरडायचं, चार होड्या निघतील.

आणि पहिल्या होडीत सत्यवती बसेल. दुसरीत प्रणित.

तो त्यांच्या घरी गेला तेव्हा ती ओटीवरच होती. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. चारुदत्तने आयुष्यात कधी मापात खोट केली नव्हती. त्यामुळे त्याच्या शब्दावर कुणी शंका घेणार नव्हतं, आणि ते त्याला फार सोपं गेलं.

"बघितलं, वहिनी. ओहोटीच्या पाण्यात. निळा चौकड्याचा शर्ट होता. पालथे होते. मी ओरडेपर्यंत खाडीवरच्या पुलाखालून समुद्राकडे गेले."

"तेच होते?"

"तेच."

"वारलेले?"

"हो, वहिनी."

तिने भिंतीवर हात आपटला. पहिल्या फटक्याला तीन बांगड्या फुटल्या. बाकीच्या शेजारणीने फोडल्या.

पोलिसांनी जबाब घेतला. सत्यवती उंबऱ्यात उभी राहून तोही ऐकत होती. प्रणितने चार होड्या पुन्हा बाहेर काढल्या, आणि चारुदत्तने बोट दाखवलं त्या दिशेला, पुलाच्या पलीकडे, उघाडीपासून दूर, त्या अंधार पडेपर्यंत आणि मंगळवारची सकाळभर शोधत राहिल्या. प्रणितने त्याचे हात धरले. "काका, तुमच्यामुले निदान कललं तरी."

७

पाहिलेला साक्षीदार आहे म्हटल्यावर भटजींनी थांबवलं नाही. मंगळवारी दुपारी पुतळा जाळायचं ठरलं. दर्भाचा, काशीरामच्या उंचीचा, वर त्याचं धोतर. पुतळा बांधणाऱ्यांनी चारुदत्तला विचारलं, "उंची किती धरायची? तुमाला अंदाज असंल." त्याने सांगितली. पाच फूट पाच इंच.

स्मशानात तो घड्याळ बघत होता. दोनला भरती. पुतळ्याने भसकन पेट घेतला आणि पाच मिनिटांत राख झाली. माणसाला तीन तास लागतात.

परत आल्यावर पाय धुताना त्याला काशीरामच्या घराचं मागलं दार दिसलं. ते खाडीच्या बाजूला उघडत होतं. सत्यवती दाराला पाठ लावून बसली होती, कडी घातलेली, पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढलेला. बायका म्हणाल्या, दोन वाजल्यापासून अशीच बसलीय. शोकाने माणूस काय काय करतं. तो तिच्याशी न बोलताच निघाला.

बुधवारी तो कामावर गेला. पावणेतीनला, खाडीत पाणी भरायच्या वेळी, त्याच्या हातून मोजमापाचं कॅलिपर खाली पडलं. ते त्याने उचललं आणि पुढचा नग घेतला.

८

गुरुवारी सकाळी काशीराम सापडला. उघाडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर, पाण्याबाहेर, कुशीवर. नको असलेली वस्तू बाजूला काढून ठेवावी तसा. जवळच चारुदत्तची दोरी पडली होती, कॅनसकट.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने प्रणितला बाजूला घेऊन विचारलं, की हा माणूस अकरा दिवस बेपत्ता होता म्हणता, मग इतके दिवस कुठे होता? देह कुजलेला नव्हता. मृत्यू बुधवारी रात्रीचा. पाठीत दोन खांद्यांच्या मधे, कातडीतून आरपार भोक होतं, बोटभर जाड. लोखंडी सळई घुसली असेल, बांधकामाचा राडारोडा खाडीत टाकतात. पण त्या भोकाच्या कडा भरत आल्या होत्या. जखम आठ-दहा दिवसांची.

संध्याकाळी खऱ्या देहाला अग्नी देऊन सगळे परतले. चारुदत्त ओटीच्या कोपऱ्यात उभा होता. निघून जाणं बरं दिसलं नसतं.

प्रणित समोर येऊन थांबला. "काका, सोमवारी तुमी कोनाला बघितलंत?"

"लांब होतं. पाणी वाहत होतं." चारुदत्तला स्वतःचा आवाज कारखान्यातल्यासारखा कोरडा ऐकू आला. "शर्ट तसाच होता."

"तुमी बोललात, तेच होते."

"प्रणित," आतून सत्यवती म्हणाली. "तू जा. पावन्यांना पानी दे."

तो गेला. ती येऊन चारुदत्तसमोर बसली. मनगटावर काचेचे बारीक ओरखडे होते, अजून लाल.

"भावजी, एक इचारते. त्यांनी तुमाला हाक मारलीवती का?"

त्याला वाटलं, आता बोलावं. झटके, तो सपाट गोल, हलणारी मान. बोललो तर ती काय समजेल? मी तुम्हाला वाचवलं, असं कसं सांगायचं, आणि कशापासून? जे त्याने पाहिलं ते पाहिलंच होतं, याची खात्री आता त्यालाही नव्हती. खात्री फक्त एकाच गोष्टीची होती. बुधवारी रात्रीपर्यंत तो माणूस जिवंत होता.

"नाही," चारुदत्त म्हणाला.

तिने मान डोलावली. तेच उत्तर येईल अशी तिची तयारी असावी.

"मला मारली. मंगलवारी दोनला, तिकडं तुमी त्यांना जालत होतात तवा. 'सत्ये, जरा हात दे.' साफ ऐकू आलं, त्या मागल्या दारातून. मी पायांत चपला घातल्या. कडी काढली. मंग मनाला बोलले, सत्यवती, येडी झालीस काय, भावजींनी डोल्यांनी बघितलंय. त्यो मानूस कशाला खोटं बोलंल? कडी घातली आन कान झाकून बसले. बुधवारी पन तसंच."

 तिने चारुदत्तच्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ, रागाने नाही. गर्दीत ओळखीचं माणूस शोधावं तसं.

"बुधवारी लय वेल मारत होते. अंधार पडंस्तवर. शेवटाला माझं नाव घ्यायचं सोडलं त्यांनी, भावजी. तुमचंच घेत होते."